मतदार राजा, बाजार महाराजा

मुंबईहून पुण्याकडे जाताना बोरघाट चढून लोणावळा मागे टाकले, की मावळची भातखाचरे सुरू होतात. श्रावणात या प्रदेशावरून नजर फिरवणाऱ्याचे डोळे निवतात. आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे या रस्त्याने तपसाधनेसाठी, सहलीसाठी, लग्नकार्यासाठी खंडाळ्या-लोणावळ्याला येतात, दोन दिवस थंड हवा खातात, चिक्कीचे पुडे घेतात आणि परत जातात. याच द्रुतगती मार्गावर कामशेतच्या परिसरात बऊर नावाचे गाव आहे. आपल्या गाड्या त्याच्या अंगावरून ताशी शंभराच्या वेगाने निघून जातात, म्हणून ते आपल्याला दिसत नाही. ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळचे शेतकरी तेथे रस्त्यावर उतरले होते. दिवस क्रांतिदिनाचा होता. पवना धरणातून पिंपरी-चिंचवड शहराला बंद नळाने थेट पाणी नेण्याच्या योजनेला त्यांचा विरोध होता. पोलिसांनी गोळीबार केला. तीन जण ठार झाले. त्यांतली एक स्त्री होती.

या घटनेवर तेव्हा पुष्कळ लिहिले गेले. न्यायालयीन चौकशी आयोग नेमला गेला, योजनेला स्थगिती मिळाली, विधिमंडळात आरोप-प्रत्यारोप झाले. पुढे २०२३ साली शासनाने ती स्थगिती उठवली आणि जुना वाद पुन्हा उभा राहिला. गोळी कोणाच्या हुकमाने सुटली हा प्रश्न गंभीर आहे. पण त्याच्यामागे असलेला, अधिक जुना आणि अधिक अवघड प्रश्न मला येथे विचारायचा आहे. त्या तिघांना मताचा अधिकार होता. अवघ्या दोन वर्षांपूर्वी, २००९ मध्ये, मावळात लोकसभेची आणि विधानसभेची निवडणूक झाली होती. त्यांना आमदार होता, खासदार होता, पंचायत समिती होती, ग्रामपंचायत होती. लोकशाहीच्या सगळ्या पायऱ्या होत्या. मग स्वतःच्या उशाशी असलेल्या धरणाच्या पाण्याविषयी आपले म्हणणे ऐकवण्यासाठी त्यांना महामार्गावर का बसावे लागले?

माझे उत्तर थोडक्यात असे आहे. गेल्या तीन-साडेतीन दशकांत आपल्याकडे लोकशाहीचा सांगाडा वाढत गेला आणि त्याच काळात तिच्या हातून निर्णय निसटत गेले. हे अपघाताने घडलेले नाही. ज्या अर्थविचाराला आपण ‘नवउदारमतवाद’ म्हणतो, त्याची तशी मागणीच होती.

प्रथम पवनेच्या पाण्याचीच गोष्ट पाहू. १९७०च्या दशकाच्या आरंभी पवना धरण पुरे झाले. त्यासाठी ज्यांच्या जमिनी बुडाल्या, त्यांच्यापैकी अनेक खातेदारांना अर्धशतक उलटून गेले तरी पर्यायी जमीन मिळालेली नाही. धरणाचे पाणी नदीच्या पात्रात सोडायचे आणि खाली रावेतला शहरासाठी उचलायचे, अशी व्यवस्था होती. पाणी नदीतून वाहत होते, म्हणून काठच्या विहिरी जिवंत होत्या आणि शेतकऱ्यांचे पंप चालत होते. बंद नळाची योजना आली, तेव्हा शेतकऱ्याने साधा हिशेब केला: धरणासाठी जमीन गेली, तिचा मोबदला बाकी आहे, आता नळासाठी पुन्हा जमीन जाणार आणि नदीत पाणी किती राहील, याची हमी कोणी देत नाही. शहराचाही एक हिशेब होता आणि तो खोटा नव्हता. पात्रातून वाहताना पाणी घाण होते, वाया जाते आणि शहर तर फुगतच चालले आहे. त्या शहरातल्या कारखान्यांत मावळचीच मुले कामाला आहेत, हेही विसरता येत नाही. दोन्ही हिशेब एका टेबलावर ठेवून वाद घालण्यासारखे होते. असे टेबल मांडणे, हेच तर लोकशाहीचे काम.

परंतु टेबल मांडण्याआधीच निर्णय झाला होता. डिसेंबर २००५ मध्ये केंद्राने जवाहरलाल नेहरू यांच्या नावाने शहरी पुनरुत्थान अभियान सुरू केले. मोठ्या शहरांना पाणी, रस्ते, सांडपाणी यांसाठी केंद्राचा पैसा मिळणार होता. बदल्यात राज्याने आणि महापालिकेने सुधारणांच्या एका यादीवर सही करायची होती. यादीत नागरी जमीन कमाल धारणा कायदा रद्द करणे होते, सेवेचा खर्च वापरणाऱ्याकडून वसूल करणे होते. महाराष्ट्राने तो कायदा २००७ मध्ये रद्द केला. मुंबई-पुण्यातल्या गरिबाच्या घराशी थेट संबंध असलेला कायदा असा एका अटीपोटी गेला. तो घालवा म्हणून कोणी मते मागितल्याचे मला आठवत नाही. गंमत अशी, की त्याच यादीत लोकसहभागाचा कायदा करण्याचीही अट होती. सहभाग शहरातल्या नागरिकाचा. ज्या खेड्याचे पाणी आणि जमीन जायची, ते खेडे त्या सहभागाच्या व्याख्येतच बसत नव्हते. पैसा कोणत्या अटीवर येणार हे दिल्लीत ठरले, कोठे खर्च होणार हे महापालिकेत ठरले आणि नळ कोणाच्या बांधावरून जाणार हे मोजणीदाराने ठरवले. बऊरच्या शेतकऱ्यापर्यंत जे पोहोचले, ती केवळ नोटीस होती.

मावळाला अशी नोटीस काही नवी नाही. लोणावळ्याचे वळवण आणि शिरवता हे तलाव पाहायला आपण हौसेने जातो. १९११ साली मुंबईच्या गव्हर्नराच्या हस्ते लोणावळ्याला टाटांच्या जलविद्युत प्रकल्पाची कोनशिला बसली आणि १९१५ मध्ये खोपोलीला तयार झालेली वीज मुंबईच्या गिरण्यांकडे जाऊ लागली. पूर्वेकडे वाहणारे पाणी अडवून पश्चिमेला घाटाखाली सोडायचे, अशी ती योजना. पुढे शेजारच्या मुळशी खोऱ्यात धरणाचा घाट घातला गेला, तेव्हा मावळ्यांनी १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट त्याचे नेते झाले. कंपनी खाजगी होती. पण जमीन तिला मिळाली ती १८९४च्या भूसंपादन कायद्याने, म्हणजे सरकारच्या दंडुक्याने. सत्याग्रह हरला, धरण झाले.

त्या वेळी एक सबब तरी होती. राज्य परक्यांचे होते आणि मुळशीचा शेतकरी प्रजा होता, नागरिक नव्हता. स्वातंत्र्य आले, घटना आली, प्रौढ मताधिकार आला. तरी १८९४चा तो कायदा २०१३ सालच्या अखेरपर्यंत जिवंत राहिला. परकी राजवट गेली, पण तिने बनवलेली चावी आपल्या राज्यकर्त्यांनी सहासष्ट वर्षे खिशात जपून ठेवली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत दिलेला इशारा सर्वज्ञात आहे. राजकारणात प्रत्येकाचे मत समान आणि आर्थिक जीवनात मात्र घोर विषमता, अशा विसंगतीत आपण प्रवेश करीत आहोत आणि ही विसंगती लवकर दूर केली नाही, तर तिचे चटके सोसणारे लोकच लोकशाहीचा डोलारा उधळून लावतील, असा त्याचा आशय होता. बाबासाहेबांना भीती होती ती विषमता तशीच राहण्याची. त्या विषमतेलाच प्रगतीचे इंजिन म्हणणारे तत्त्वज्ञान एक दिवस राजमान्य होईल, हे मात्र त्या सभेतल्या कोणाच्या मनात आले असेल, असे वाटत नाही.

तो दिवस २४ जुलै १९९१. डॉ. मनमोहन सिंग यांनी त्या दिवशी मांडलेला अर्थसंकल्प हा नव्या धोरणाचा आरंभ मानला जातो. परकीय चलनाची गंगाजळी आटली होती, देशाचे सोने परदेशी गहाण पडले होते; काहीतरी करणे भाग होते, हे मान्य केलेच पाहिजे. त्यानंतर दोन वर्षांच्या आत, २४ एप्रिल १९९३ रोजी, ७३वी घटनादुरुस्ती अमलात आली. ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली, पंचायतीत स्त्रियांसाठी एक तृतीयांश जागा राखून ठेवल्या गेल्या. महाराष्ट्राने हे आरक्षण पुढे निम्म्यावर नेले. ही दोन्ही बाळे एकाच घरात, जवळजवळ एकाच वेळी जन्मली. एकाचे नाव सुधारणा, दुसऱ्याचे नाव स्वराज्य. पण घरातले दूध एकाच्या वाट्याला गेले. सरपंच बाईंच्या हाती शिक्का आला. मात्र ज्या कागदांवर तो उमटवायचा, त्यांतले महत्त्वाचे कागद पंचायतीत येईनासे झाले.

मोठ्या सभागृहांचीही कथा वेगळी नाही. एन्रॉन आठवा. डिसेंबर १९९३ मध्ये राज्य वीज मंडळाने दाभोळ कंपनीशी वीजखरेदीचा करार केला. १९९५ची विधानसभा निवडणूक लढवताना त्या वेळच्या विरोधकांनी हा प्रकल्प समुद्रात बुडवण्याची भाषा केली. मतदाराने सत्ताबदल केला, नव्या सरकारने ऑगस्ट १९९५ मध्ये करार रद्दही केला. मग लंडनच्या लवादाची आणि नुकसानभरपाईची टांगती तलवार आली, फेरवाटाघाटी झाल्या आणि प्रकल्प पूर्वीपेक्षा मोठा होऊन परतला. केंद्राने त्याला दिलेल्या प्रतिहमीवर मोहोर उठली ती मे १९९६ मध्ये, तेरा दिवसांच्या सरकारकडून, ज्याने लोकसभेत बहुमत सिद्ध केलेलेच नव्हते. २००१ साली त्या विजेचे बिल मंडळाला पेलेनासे झाले, वीज घेणे थांबले आणि वर्षअखेरीस अमेरिकेतली मूळ कंपनीच दिवाळखोरीत गेली. महाराष्ट्राच्या मतदाराने मिळालेल्या एकमेव शस्त्राने, मताने, उत्तर दिले होते. सरकार बदलले, करार काही केल्या बदलला नाही.

आपण ज्या रस्त्याने लोणावळ्याला येतो, त्याचीही तीच तऱ्हा. द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. २००४ साली त्याच्या टोलवसुलीचा हक्क ९१८ कोटी रुपयांना पंधरा वर्षांसाठी एका खाजगी कंपनीला दिला गेला. त्या पंधरा वर्षांत विधानसभेच्या तीन निवडणुका झाल्या. २०१४च्या प्रचारात टोलमुक्तीचे आश्वासन गाजले, पुढे काही नाके बंदही झाले. द्रुतगती मार्गाचा टोल मात्र चालू राहिला. मुदत संपल्यावर वसुली पुन्हा २०३० पर्यंत सोपवली गेली. मतदाराचा हक्क पाच वर्षांचा, कंत्राटाचा पंधरा वर्षांचा. यांत राजा कोण?

हे केवळ राज्यकर्त्यांच्या लबाडीमुळे घडते, असे समजून हात झटकणे सोपे आहे. परंतु यामागे एक विचार आहे आणि त्याला प्रामाणिकपणे सामोरे गेले पाहिजे. १९४७ मध्ये स्वित्झर्लंडमधील माँ पेलेराँ येथे फ्रीडरिख हायेक आणि त्यांचे सहकारी जमले. हुकूमशाहीने युरोपचे वाटोळे केलेले त्यांनी पाहिले होते. राज्याच्या हाती सर्व सत्ता गेली की माणूस गुलाम होतो, ही त्यांची भीती खरी होती. पण त्यांनी काढलेला निष्कर्ष असा, की लोकमताच्या लाटांपासूनही बाजाराला संरक्षण हवे. बहुसंख्य गरीब मतदार संपत्तीच्या वाटणीची मागणी करणार, म्हणून काही गोष्टी मतदानाच्या आवाक्याबाहेर ठेवल्या पाहिजेत. नवउदारमतवादाला सरकार नको असते, ही समजूत चुकीची आहे. त्याला बलिष्ठ सरकार हवे असते. फक्त त्या सरकारने रखवाली करायची ती बाजाराची.

या विचाराची कसोटी चिलीत लागली. ११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्कराने लोकनियुक्त सरकार उलथवले. पिनोशेच्या राजवटीत शिकागो विद्यापीठात शिकलेल्या अर्थतज्ज्ञांना मोकळे रान मिळाले. हायेक स्वतः तेथे जाऊन आले आणि १९८१ मध्ये तेथल्या एका वृत्तपत्राला त्यांनी सांगितले, की उदारमतवाद नसलेल्या लोकशाहीपेक्षा आपण उदारमतवादी हुकूमशहा पसंत करू. स्वातंत्र्याचा उद्गाता असे बोलतो, तेव्हा त्याला कोणाचे स्वातंत्र्य अभिप्रेत आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की त्याच चिलीत कार्डिनल राऊल सिल्वा हेन्रिकेझ यांनी १९७६ मध्ये सांतियागो धर्मप्रांतात एकात्मतेचे कार्यालय उघडले. बेपत्ता झालेल्यांच्या नातेवाइकांना तेथे वकील मिळाला, बेकारांना जेवण मिळाले. बाजाराचे गणित आणि छळछावणीची किंकाळी एकाच इमारतीतून येत आहेत, हे तेथल्या ख्रिस्तसभेने ओळखले.

कोणी म्हणेल, आपल्याकडे छळछावण्या नाहीत, निवडणुका वेळच्या वेळी होतात. खरे आहे. आणि म्हणूनच आपल्याकडचा प्रकार अधिक सौम्य, अधिक सभ्य आणि ओळखायला अधिक कठीण आहे. लोणावळ्याच्या दक्षिणेला, मोसे नदीच्या खोऱ्यात, लवासा नावाचे नगर उभारले गेले. १९९६ साली राज्याने नवी थंड हवेची ठिकाणे विकसित करण्याचे धोरण आखले, त्यातून ते निघाले. २००८ मध्ये त्यासाठी विशेष नियोजन प्राधिकरण नेमण्यात आले. खोऱ्यातल्या गावांत ग्रामपंचायती होत्या. पण नगराची आखणी कशी व्हावी हा विषय कंपनीशी निगडित असलेल्या त्या प्राधिकरणाकडे गेला. जो बांधणार, त्याच्याच परिवारातला परवानगी देणार. २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याची नोटीस दिली आणि २०१८ मध्ये कंपनी नादारीच्या प्रक्रियेत सापडली. गावाने निवडलेली पंचायत चुकली, तर पाच वर्षांनी तिला घरी बसवता येते. प्राधिकरणाला घरी बसवायचे मतपत्र कोठे मिळते?

घाटाखाली रायगडात मात्र एकदा आशेचा किरण दिसला होता. पेण तालुक्यात हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील बावीस गावांची जमीन महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी हवी होती. एन. डी. पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लढा उभारला आणि अखेर शासनाला २१ सप्टेंबर २००८ रोजी शेतकऱ्यांचे सार्वमत घ्यावे लागले. जमीन द्यायची की नाही, हे शेतकऱ्याने मतपत्रिकेवर सांगायचे. किती साधी गोष्ट! मात्र तो कौल शासनावर बंधनकारक नव्हता. पुढे प्रकल्प बारगळला आणि सार्वमताचा प्रयोगही मागे पडला. एकदा विचारले तर लोक उत्तर देतात, हा धडा राज्यकर्ते शिकले असावेत. तेव्हापासून त्यांनी विचारण्याचे टाळले आहे.

आता दुसऱ्या बाजूचे म्हणणे. परवाना-परमिट राज्याने या देशाचे भले केले नाही, हे मी नाकारीत नाही. स्कूटरसाठी वर्षानुवर्षे थांबणारी, टेलिफोनसाठी खासदाराची चिठ्ठी मिळवणारी पिढी अजून आपल्यात आहे. शरद जोशींसारख्या शेतकरी नेत्याने खुल्या बाजाराचे स्वागत केले, ते काही भांडवलदारांच्या प्रेमापोटी केले नाही. सरकार शेतमालाचे भाव पाडते आणि शेतकऱ्याला लुटते, हा त्यांचा आरोप साधार होता. १९९१ नंतर देशाचे उत्पन्न वाढले, दारिद्र्य घटले, आपल्याच धर्मग्रामातली मुले-मुली चांगल्या पगारावर लागली. या सगळ्याचा आदर ठेवूनच माझा प्रश्न आहे.

खुल्या बाजाराचा पहिला नियम कोणता? देणारा आणि घेणारा दोघेही राजी असले पाहिजेत. मग मावळात हा नियम कोठे गेला? धरणासाठी, रस्त्यासाठी, औद्योगिक वसाहतीसाठी जमीन गेली ती शेतकऱ्याने भाव ठरवून विकली नाही. ती संपादित झाली. घेणाऱ्यासाठी बाजार खुला आणि देणाऱ्यासाठी सक्तीचा कायदा, असा हा बाजार आहे. २०१३च्या नव्या भूसंपादन कायद्याने खाजगी प्रकल्पासाठी ऐंशी टक्के आणि भागीदारीतल्या प्रकल्पासाठी सत्तर टक्के बाधितांची संमती आवश्यक केली. म्हणजे बाजाराचाच नियम, थोडा उशिरा, शेतकऱ्याला लागू केला. त्याला विरोध कोणी केला? खुल्या बाजाराचे गोडवे गाणाऱ्यांनी. वर्ष उलटण्याच्या आत, डिसेंबर २०१४ मध्ये, संमतीची अट पातळ करणारा वटहुकूम निघाला. देशभर ओरड झाली, २०१५ मध्ये तो बारगळू द्यावा लागला. मग राज्यांनी आपापल्या दुरुस्त्या केल्या. महाराष्ट्रानेही २०१८ मध्ये केली. ज्याला राजीखुशीचा व्यवहार पटतो, त्याला शेतकऱ्याच्या ‘नाही’ची एवढी भीती का वाटावी?

पवित्र शास्त्रातील नाबोथची कथा आपण लहानपणापासून ऐकतो, पण तिच्यातला एक तपशील आपल्या लक्षात राहत नाही. अहाब राजाने आरंभी जुलूम केला नव्हता. त्याने नाबोथला द्राक्षमळ्याच्या बदल्यात अधिक चांगला मळा किंवा रोख किंमत देऊ केली होती. आजच्या भाषेत तो बाजारभाव होता, पुनर्वसनाचे पॅकेजही होते. नाबोथ म्हणाला, ही वाडवडिलांची जमीन आहे, विकणार नाही. संकट सुरू झाले ते या नकारापासून. राजा रुसून बसला. ईजबेलने त्याच्या नावाने पत्रे लिहिली, त्यांवर राजाची मुद्रा उमटवली आणि ती पाठवली नगरातल्या वडीलधाऱ्यांकडे. वडीलधाऱ्यांनी वरून आलेल्या आदेशाप्रमाणे सभा भरवली, साक्षीदार उभे केले आणि नाबोथला दगडमार झाला. स्थानिक सभा होती, कामकाज झाले, ठराव झाला. फक्त निर्णय आधीच राजवाड्यात झाला होता. एलिया संदेष्टा त्या मळ्यात जाऊन उभा राहिला, तो याच गोष्टीचा जाब विचारायला.

आपल्या ख्रिस्तसभेची सामाजिक शिकवणही याबाबत संदिग्ध नाही. पोप लिओ तेरावे यांचे ‘रेरुम नोव्हारुम’ १८९१चे. त्याच्या शताब्दीनिमित्त पोप जॉन पॉल दुसरे यांनी ‘सेंतेसिमुस आन्नुस’ लिहिले ते १ मे १९९१ रोजी, आपल्या त्या अर्थसंकल्पाच्या अवघे बारा आठवडे आधी. पोलंडमधल्या सरकारी समाजवादाचे चटके सोसलेल्या त्या पोपमहोदयांनी बाजाराची उपयुक्तता मोकळेपणाने मान्य केली आणि त्याच दमात बजावले, की माणसाच्या अनेक गरजा बाजारात भागत नाहीत आणि माणूस म्हणून त्याला जे देणे लागते, ते खरेदी-विक्रीच्या आधी येते. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये, वरच्यांचे ताट भरले की खालच्यांच्या वाट्याला आपोआप येईल हा सिद्धान्त वस्तुस्थितीने कधीच सिद्ध झालेला नाही, असे स्पष्ट सांगितले. हे आपण प्रवचनात ऐकतो आणि मिस्सा संपल्यावर विसरतो.

कारण या व्यवहारात आपणही निव्वळ प्रेक्षक नाही. वसईच्या वाचकांनी आपल्या विहिरींचे पाणी टँकरने शहराकडे जाताना पाहिले आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या हरित वसईच्या लढ्यात त्यांच्यापैकी अनेक जण रस्त्यावर उतरले होते. ज्यांच्या विहिरी आटत चालल्या होत्या, तेच बऊरच्या शेतकऱ्याची व्यथा सर्वांत आधी समजू शकतात. परंतु आपल्यातल्याच काहींनी त्या टँकरला पाणी विकले होते, हेही खरे आहे. आज आपल्यातला सुस्थितीतला माणूस लोणावळ्याच्या आसपास शनिवार-रविवारसाठी बंगला शोधतो. जमीन कोणाची होती, पाणी कोठून येणार, दलालाने सातबारा कसा मोकळा केला, हे विचारण्याची तसदी तो घेत नाही. नाबोथच्या मळ्यातल्या द्राक्षांची गोडी चाखताना आपण अहाबाला नावे ठेवू नयेत.

अलीकडचे एक उदाहरण देऊन थांबतो. २०२२ पासून जवळजवळ चार वर्षे महाराष्ट्रातल्या बहुसंख्य नगरपरिषदा, महापालिका आणि जिल्हा परिषदा लोकप्रतिनिधींविना राहिल्या. आरक्षणाचा वाद न्यायालयात होता. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, तेव्हा निवडणुकांचा मार्ग मोकळा झाला. याचे कारण बाजार नव्हे, हे मला ठाऊक आहे. मला धास्ती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. प्रशासकाच्या सहीने निविदा निघत राहिल्या, रस्ते होत राहिले, आराखडे मंजूर होत राहिले आणि कोणाला काही चुकल्यासारखे वाटले नाही. ‘नगरसेवक नसले की कामे लवकर होतात’ असे मी सुशिक्षित लोकांच्या तोंडून ऐकले, आपल्याच लोकांच्या तोंडून ऐकले. नवउदारमतवादाचा खरा विजय तो हाच. लोकशाही काढून घ्यावी लागत नाही; ती नसली तरी चालते, असे लोकांनाच वाटू लागते.

मग करायचे काय? हायेकवर टीका करून पवनेच्या शेतकऱ्याला थेंबभरही पाणी मिळणार नाही. निर्णयांची जी जागा रिकामी पडली आहे, तेथे जाऊन बसण्यापासून आरंभ केला पाहिजे. महाराष्ट्रात ग्रामसभेसाठी पंधरा टक्के किंवा शंभर मतदार, यांपैकी कमी असेल तेवढ्यांची गणपूर्ती लागते. ती झाली नाही, तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. मग पाच-दहा माणसे बसून गावाच्या नावाने ठराव करतात. माझ्या पाहण्यातल्या एका गावात डोंगराच्या पायथ्याची जमीन बिगरशेती करण्याला ‘ग्रामसभेची हरकत नाही’ असे नोंदले गेले, ते अशाच एका तहकूब सभेत. गाव त्या वेळी क्रिकेटचा सामना पाहत होते. ईजबेलच्या पत्राचीसुद्धा तेथे गरज पडली नाही.

ग्रामसभा भरवण्याचे जे चार दिवस प्रघाताने ठरून गेले आहेत, त्यांत १ मे आणि १५ ऑगस्ट हे दोन दिवस आहेत. एक कष्टकरी संत जोसेफ यांच्या सणाचा, दुसरा पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा. त्या दोन्ही दिवशी आपण चर्चमध्ये असतोच. मिस्सा आटोपल्यावर घरी परतताना वाटेत ग्रामपंचायतीचे कार्यालय लागते. आत जावे, हजेरीपुस्तकात सही करावी, मागील सभेचे इतिवृत्त मोठ्याने वाचायला लावावे आणि गावातल्या पाण्याचा, जमिनीचा, डोंगराचा कोणता कागद कोणाकडे गेला आहे, ते विचारावे. उत्तर मिळाले नाही, तर माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. शहरात राहणाऱ्यांनी आपल्या नळाला येणारे पाणी कोणत्या धरणाचे आणि त्या धरणातल्या विस्थापितांचे काय झाले, एवढे तरी माहीत करून घ्यावे.

एवढ्याने महाराजाचे सिंहासन डळमळेल, असे मी म्हणत नाही. पण बऊरच्या रस्त्यावर तिघांना जे प्राण देऊन विचारावे लागले, ते इतरांना जिवंतपणी, खुर्चीवर बसून विचारता यावे, यासाठीच तर मताचा अधिकार मिळाला होता.